मिन सोकग्यूचे तहानलेले उंदीर

‘चुकलो’ हा शब्द मिन सोकग्यूच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. स्वतः गाडीत विसरलेला किंबाप, म्हणजे भाताची गुंडाळी, दुसऱ्या दिवशी खाऊन पोट बिघडलं, तरी दोष विकणारीचा. कोरियातल्या देगू शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी त्याच्याआधी लागले, म्हणून तो मला ताई म्हणतो आणि माझं एक अक्षर ऐकत नाही.

चाळिशी उलटली तरी त्याची नोकरी कंत्राटी. उंदरांचा हा प्रयोग साधला तर कायमची जागा, नाहीतर नारळ.

प्रयोग वाईट नव्हता, हे मात्र खरं. मूत्रपिंडात पाणी परत आत घेणारी बारीक दारं असतात. आरएनएचा एक इवलासा तुकडा ती दारं बनवण्याचा निरोपच दाबून धरतो, म्हणून जादा पाणी लघवीवाटे जातं. सोकग्यूचं म्हणणं असं, की तहान लागली की हा तुकडा कमी होतो, दारं वाढतात आणि शरीर पाणी राखतं. ते दाखवायला वरच्या फळीवरच्या उंदरांचं पाणी बंद ठेवायचं, खालच्यांचं चालू. व्हॉल्व्ह त्याने स्वतः फिरवला आणि पुन्हा तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

निकाल नेमके उलटे आले. पोटभर पाणी मिळालेल्या खालच्या उंदरांत तुकडा कमी, तहानलेल्या वरच्यांत भरपूर. नाचता येईना अंगण वाकडं! भर बैठकीत सोकग्यूसाहेब उठले आणि आमच्या प्रमुखांना, कू सरांना म्हणाले, "सर, खोलीत रोग शिरलाय. खालचे उंदीर आजारी आहेत."

मी तडक उंदरांच्या खोलीत गेले. बंद होता तो खालचा व्हॉल्व्ह. तपासणीतून उरलेले खालचे उंदीर कोरडी नळी चाटत होते. आधी पाणी सोडलं, मग त्याला जिन्यात गाठलं.

"अरे शहाण्या, भलताच व्हॉल्व्ह बंद केलास! तहानलेले खालचे होते. म्हणजे तुझंच खरं ठरलं की रे! जा, सांग सरांना."

"ताई, हळू बोल ना! सगळ्यांसमोर रोग म्हणालोय मी. आता काय सांगू, मला वरचं-खालचं कळत नाही?"

"ते त्यांना ठाऊकच आहे. नोकरी तरी वाचेल."

"आणि तोंड कुठे लपवू?"

शेवटी मीच सरांना सांगितलं. त्यांनी त्याला बोलावलं, तर हा माझ्यादेखत म्हणाला, "ताईंचा गैरसमज झालाय, सर. व्हॉल्व्ह ठीक होते." पाणी मीच सोडलेलं, आता पुरावा म्हणून दाखवू काय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रोग म्हटला की अख्खी खोली रिकामी करायची, हा नियम. त्याने वर्षानुवर्षं वाढवलेले सगळे उंदीर मारले गेले. कायमची जागा दुसऱ्याला मिळाली.

प्रयोगात गेलेल्या जनावरांसाठी आवारात एक दगड उभारलाय. शरदात आम्ही सगळे त्याच्यापुढे वाकतो. सोकग्यूने दगडावर पाणी ओतलं आणि तो ढसाढसा रडला.

"किती हळवे आहेत हो!" नवी आलेली मुलगी कुजबुजली.

"हळवा? एक शब्द जड झाला याला, म्हणून मेले ते सगळे," मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

सोकग्यूने डोळे पुसले.

"रोगच होता, ताई," तो म्हणाला.