मुंगळ्याचे पाच पाय

साखराबाईच्या कळपात एकवीस शेळ्या होत्या, पण कुणी विचारलं तर ती पावणेएकवीस सांगायची. चंद्री नावाच्या शेळीचा एक पाय तिच्या दिराचा, सटवाचा होता. वाटणीत सगळ्या शेळ्या नीट वाटल्या गेल्या आणि शेवटी चंद्री एकटी उरली. म्हाताऱ्या सासूला साखराबाईनं तीन वर्षं सांभाळलं होतं, सटवानं एक. म्हणून तीन पाय हिचे, एक त्याचा. दर चौथ्या दिवशी सटवाची बायको चरवी घेऊन यायची, एका पायाचं म्हणून त्या दिवसाचं सगळं दूध काढून न्यायची आणि जाताना चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवायची. तोही चौथ्या हिश्श्याइतकाच, असं साखराबाईचं म्हणणं होतं.

कोणता पाय कुणाचा हे मात्र कधी ठरलं नव्हतं. एकदा चंद्री कुंपणाच्या तारेत अडकली आणि मागच्या डाव्या पायानं लंगडू लागली. ऐकल्याबरोबर सटवा धावत आला.

"वहिनी, मागला डावा तुमचा हाय. माझा म्होरला."

"आसू द्या की भाऊजी. मंग तुमचा म्होरला माझ्या अंगणात टेकवू नका म्हंजे झालं."

त्यावर सटवा चंद्रीचे चारी पाय बघून परत गेला.

अशा बाईला अपूर्णांक शिकवायचं काम योगिता मॅडमच्या वाट्याला आलं. लिंबागणेशच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला ही वस्ती. तिथल्या शाळेला वरून निरोप आला होता की प्रौढ साक्षरतेच्या परीक्षेला बारा बाया बसल्याच पाहिजेत. शेळ्या दुपारी सावलीला बसल्या की बाया शाळेच्या व्हरांड्यात बसायच्या. अक्षरं आली, बेरीज-वजाबाकी आली, आणि मग मॅडमनी फळ्यावर एक गोल भाकरी काढली, तिच्या मधोमध रेघ मारली.

"ही झाली अर्धी. एक छेद दोन."

"भाकर आशी सुरीनं कापत्यात व्हय?" साखराबाईनं विचारलं.

"समजा कापली."

"कावून समजायचं? आमी मोडतो. मोडली की एक तुकडा म्होटा, एक बारीक. म्होटा लेकराला." सगळ्या बायांनी माना डोलावल्या. "त्यापरीस शेळी काढा. शेळी कुनी मोडत न्हाई."

मॅडमनी शेळी काढली. ती टेबलासारखी दिसत होती.

"हिला कान न्हाईत."

"अपूर्णांकाला कान लागत नाहीत, मावशी."

पाय मात्र लागले. पाव म्हणजे एक पाय, अर्धा म्हणजे दोन. अर्धा अधिक पाव किती, असं विचारल्यावर अकरा बाया एका सुरात "तीन पाय" म्हणाल्या आणि बारावी, छबुबाई, "चंद्रीतला साखरावहिनीचा वाटा" म्हणाली. चार दिवसांत वर्ग इतका पुढं गेला की मॅडम खूश होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी एक छेद तीन लिहिलं आणि वर्ग थांबला. शेळीची तिजाई कुणालाच काढता येईना.

साखराबाईला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी माळावर बसलेली असताना तिच्या पुढ्यातून एक मुंगळा गेला. तिनं त्याला काडेपेटीत घातलं आणि शेळ्या तशाच सोडून शाळेत आणलं.

"ह्याला सहा हायत मॅडम. निम्मे म्हंजे तीन. तिजाई म्हंजे दोन. दोन्ही मिळून पाच."

मॅडमनी पेटी उघडून पाहिलं. नंतर पाव आणि सहावा हिस्सा एकत्र करायची वेळ आली, तेव्हा साखराबाईनंच सांगितलं की तीन शेळ्या आणि दोन मुंगळे सारख्याच पायांवर उभे असतात, बारा; तिथं दोघांची भेट होते. मॅडमनी लसावि आयुष्यभर शिकवला होता, पण तो पायावर उभा राहिलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

परीक्षा रविवारी झाली. पेपरात नेमकं अर्धा अधिक एक तृतीयांश आलं. साखराबाईनं उत्तर काढलं आणि लिहिताना थांबली. नुसतं पाच छेद सहा लिहिलं तर तपासणाऱ्याला कळणार कसं, कशाचे? तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: मुंगळ्याचे ५ पाय. शेजारी मुंगळा काढला आणि पाच पाय पेनानं गिरवून काळे केले.

निकाल आला. गणितात पास व्हायला सतरा गुण हवे होते, तिला सोळा मिळाले. मुंगळ्याला शून्य. मॅडमनी फेरतपासणीचा अर्ज केला आणि आठवड्यानं केंद्रप्रमुख विजयसिंह स्वतः शाळेत आले. कागदाला कागद जुळल्याशिवाय सही न करणारा माणूस. त्यांनी उत्तर तीनदा वाचलं.

"मुंगळ्याला पाय सहाच असतात, याला आधार काय?"

"आधार माळावर हाय, साहेब," साखराबाई म्हणाली.

"मग प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल."

खिचडीच्या कोठीतून गुळाचा खडा आला, व्हरांड्याच्या पायरीवर ठेवला. साहेब चष्मा लावून उकिडवे बसले. पहिला मुंगळा आला, त्याच्यावर काचेचा ग्लास पालथा घातला. साहेबांनी मोजलं. पाच. पुन्हा मोजलं. पाचच.

"म्हणजे पाच छेद पाच. पूर्ण एक. उत्तर चूक."

"त्याचा एक पडलाय, साहेब. ती बगा, रिकामी जागा."

"आहेत तेवढेच धरायचे."

"आसं कसं? खाली लिव्हायचा त्यो जल्माला आला तवाचा आकडा. वर लिव्हायचा त्यो आज हाय त्यो. न्हाईतर पाय मोडला की समदं जनावर पुरं झालं म्हनायचं का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि दुसरा मुंगळा मागवला. त्याला सहा निघाले. त्यांनी कागदावर लिहिलं: मुंगळा क्रमांक दोन, पाय सहा, सर्व चालू स्थितीत. मॅडमची साक्षीदार म्हणून सही घेतली. छेद लिहिला नाही म्हणून दोनातला अर्धा गुण कापला आणि दीड दिला.

"साडेसतरा. झालात पास."

पण संगणकाच्या अर्जात साडेसतरा बसेना. तिथं फक्त पूर्ण आकडा चालत होता. साहेबांनी कुणाला तरी फोन केला आणि अठरा लिहिले.

"ह्यो वरचा अर्दा कुनाचा?" साखराबाईनं विचारलं.

"कुणाचाच नाही, मावशी. तुमचाच समजा."

"मी कमवला न्हाई. छबुबाईला द्या, तिचे सोळा हायत, ह्यो अर्दा चढला की संगणक तिचेबी सतरा करंल."

"तसा देता येत नाही."

तिला ते पटलं नाही. प्रमाणपत्र आलं तेव्हा तिनं ते घेतलं, पण त्या अर्ध्याच्या बदल्यात छबुबाईला पुढच्या परीक्षेपर्यंत शिकवायचं स्वतःच्या अंगावर घेतलं. दोघी रोज दुपारी व्हरांड्यात बसतात. आठासाठी कोळी सापडला, दहासाठी ओढ्यातला खेकडा. सातावर मात्र गाडं अडलंय. योगिता मॅडमनी आठवड्याचे वार घ्या म्हणून सुचवलं. छबुबाईनं सोमवारपासून बोटांवर मोजायला सुरुवात केली, गुरुवारी थांबली आणि म्हणाली, "ह्यो आठवडा चालत कशावर असंल?" तोवर शेळ्या सावलीतून उठल्या होत्या, म्हणून दोघी त्यांच्यामागं गेल्या.