लोहारा फाट्यावर उतरलेली याडी

खरं सांगायचं तर त्या नवरात्रापर्यंत देवाशी माझं भांडणही नव्हतं आणि देणंघेणंही नव्हतं. आमच्या बंजारा तांड्यावर कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. फॉर्म मीच भरले, एसटीचा पास मीच काढला, वसतिगृहाच्या साहेबांपुढे मीच उभी राहिले. बोट धरून कुणी नेलं नाही. म्हणून ‘देवीनं केलं’ असं कुणी म्हटलं की मी पटकन बोलून जायची, “परीक्षेले देवी नाही, मी गेलती.” याडी हसायची. आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात आणि देवीलाही याडीच म्हणतात. ती हसायची, वाद घालायची नाही. कुणापुढे हात पसरायचा नाही, हा माझा नेम होता आणि त्याचा मला अभिमान होता. आजही आहे, खोटं कशाला बोलू? पण त्या अभिमानाच्या शेजारी आता आणखी एक गोष्ट येऊन बसली आहे. ती कशी आली, तेवढं लिहिते.

मी यवतमाळात खोली करून राहते आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. याडीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दिवसा माणूस ओळखायची ते आवाजावरून, आणि अंधार पडला की तिला नुसते दिव्यांचे गोळे दिसायचे. ऑपरेशनची तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती, सकाळी आठला हजर व्हायचं होतं. तांड्यावर सोयाबीन काढणीला आलेलं, भावाला शेत सोडता येईना. मला सुट्टी एकाच दिवसाची. मग भावानं दुपारी साडेतीनला तिला पुसदच्या स्टँडवर गाडीत बसवून दिलं आणि मला फोन केला. “याडी सात वाजेपर्यंत येईन. स्टँडवर थांबजो.”

सहावी माळ होती. यवतमाळचं नवरात्र ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. चौकाचौकात देवी, रस्त्यांवर रोषणाईच्या कमानी, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, आणि या गर्दीसाठी संध्याकाळपासून निम्मे रस्ते गाड्यांना बंद. मी साडेसहालाच स्टँडवर जाऊन उभी राहिले. सात वाजले, आठ वाजले. याडीचा फोन स्विच ऑफ. त्या साध्या फोनची बॅटरी जुनी झाली होती. नवा घेऊन देते म्हणून मी तिला गेल्या दिवाळीपासून सांगत होते.

सव्वानऊला गाडी लागली. दारव्ह्याच्या अलीकडे टायर बसला होता. मी दाराशीच उभी राहिले. सगळी माणसं उतरली. मी आत चढून पाहिलं, सीटखालीसुद्धा वाकून पाहिलं. गाडी रिकामी होती.

कंडक्टर पैशांची थैली आवरत होता. मी विचारलं तर म्हणाला, “घागरा-चोळीवानी फेटिया-कांचळी घातलेली म्हातारी माय न? बोचकं होतं तिच्यापाशी? ते तं लोहाऱ्याच्या फाट्यावर उतरली.”

“उतरली कशी? तिकीट स्टँडचं होतं!”

“मीही तेच म्हटलं. ते म्हणे, माही छोरी याच कंपनीत हाये, मले इथंच उतरव, पुढं कायले नेतं? मले वाटलं, घ्यायले आले असतीन कोणी.”

दोष कुणाचाच नव्हता. आमच्या तांड्याकडे एसटी अशीच थांबते. ज्याचं माणूस जिथं, तिथं हात दाखवून उतरायचं. मागच्या वेळी भाऊ तिला थेट कंपनीच्या गेटवर घेऊन आला होता, म्हणून तिच्या लेखी छोरीचा पत्ता म्हणजे ती कंपनी. मी तिला ‘स्टँडवर उतर’ म्हणून दहादा सांगितलं होतं. स्टँडवरून आपलं घर कुठं, हे एकदाही सांगितलं नव्हतं. चूक असली तर ती माझी होती.

तिला उतरून अर्धा तास झाला होता. मी कंपनीचा फोन लावला. तो ऑफिसात वाजत राहिला, आणि त्या ऑफिसला संध्याकाळी मीच कुलूप घालून निघाले होते. स्टँडबाहेर रिक्षावाल्यांना विचारलं. एकानं मान हलवली. दुसरा म्हणाला, “ताई, चौकात फसलो तं बारा वाजतीन. दारव्हा नाक्यापर्यंत पायी जा, तिथून काळी-पिवळी भेटन.” मोबाइलवर टॅक्सीचं अॅप उघडलं. ते आपलं गोल गोल फिरत राहिलं.

मग मी चालायला लागले. चालायला कसली, गर्दीत घुसले. पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, फुगेवाले, ढोल, प्रसादाच्या रांगा. एका मंडळापुढे गर्दीनं मला अडवूनच धरलं, पुढं जाता येईना आणि मागंही. समोर देवी. एवढी उंच की मान मागं टाकावी लागली. सगळे हात जोडत होते. माझे हात जोडले गेले नाहीत. उलट मनात राग आला, ‘साऱ्या जिल्ह्याला दर्शन देऊन राहिलीस, आणि माझ्या याडीला अंधारात बसवलंस.’ देवीशी मी बोललेला तो पहिला शब्द. भांडण का होईना, बोलले, हे मला फार पुढं लक्षात आलं.

नाक्यावर एकच काळी-पिवळी जीप उभी होती. आत मागच्या बाकावर टोपल्यात टोपली घालून बसलेली एक भाजीवाली मावशी आणि आणखी तिघं-चौघं. ड्रायव्हर पांढऱ्या दाढीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. ते उतरून पुढच्या दिव्यावर हातानं थापट्या मारत होते. डावा दिवा ठोकर लागून वाकडा झालेला, त्याचा झोत रस्ता सोडून कडेच्या झाडांवर पडत होता. मी पुढं बसले आणि म्हटलं, लवकर निघा.

“चार जण यायचे हायेत, ताई. दवाखान्यातून एका पेशंटले सुट्टी झाली, त्याच्या घरच्यांचा फोन आला. शेवटची गाडी हाये.”

“त्या चार सीटचे पैसे मी देते.”

“पैशाचं नाही हो. जबान देल्ली त्याइले.”

माझं डोकं फिरलं. शिकलेल्या माणसाला राग आला की तो कायदा बोलतो. मीही बोलले. परवाना कितीचा आणि बसवता किती, दिवा असा ठेवून गाडी चालवता, मी आरटीओला तक्रार करीन, असं सगळं शुद्ध मराठीत.

चाचा शांतपणे म्हणाले, “करा. नंबर मागं लिहिला हाये, मोठ्या अक्षरात.”

मागून मावशी म्हणाली, “बोलते कशी पाहा व, कागद वाचल्यावानी.” सगळे हसले. मग ती पुढं वाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अन् बाई, भांडून राह्यली तं भांड. पण रडून काहून राह्यली?”

मी रडत होते हे मलाच ठाऊक नव्हतं. ओठापर्यंत ‘काही नाही’ आलं होतं. मी आयुष्यभर तेच म्हणत आले होते. वसतिगृहात उपाशी झोपले तेव्हाही कुणी विचारलं तर काही नाही. पण त्या रात्री ते बाहेर पडलं नाही. मी दोन्ही हात जोडले, चाचांपुढे, मावशीपुढे, ज्यांची नावं मला माहीत नव्हती अशा माणसांपुढे, आणि म्हटलं, “माही याडी हरपली हो. तिले दिसत नाही. लोहाऱ्याच्या फाट्यावर एकटी उतरली. माह्यानं काही होऊन नाही राह्यलं. तुम्ही चला.” माझं शुद्ध मराठी कुठं गेलं कोण जाणे. आणि आतल्या आत म्हटलं, याडी, आता तूच पाहा. त्या वेळी मी आईला म्हटलं की देवीला, ते मला आजही सांगता येत नाही.

चाचा माझ्याकडे वळले. “अरे बेटा, मग पहिले काहून नाही बोलली? अर्धा घंटा आरटीओ आरटीओ करून राह्यली!” आणि त्यांनी तिथूनच फोन लावला. “हां भाऊ, नाक्यावर चहावाल्याच्या बाकावर बसा. कोणाची माय हरपली हाये, तिले पाहून वापस येतो.” पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, “जा चाचा, पहिले ते पाहा. आम्ही चौघं हावो, आमचं काय?” ज्याच्या घरचं माणूस त्याच दिवशी दवाखान्यातून सुटलं होतं, तो हे म्हणाला.

गाडी निघाली. फाट्यावर पानठेला बंद, कोणी नाही. कंपनीच्या गेटवर वॉचमननं मला ओळखलं. म्हणाला, एक म्हातारी गेटाशी आली होती, मॅडम घरी गेल्या म्हटल्यावर ‘बरं’ म्हणाली, आणि तो आत फोन नंबर शोधायला गेला तेवढ्यात निघूनही गेली. कोणत्या बाजूला, ते त्यानं पाहिलं नाही. एमआयडीसीतले रस्ते रात्री सगळे सारखेच दिसतात. एक कारखाना चालू, तर चार बंद, मध्ये मोकळे प्लॉट आणि माणसाच्या उंचीचं गवत. मी मोठ्यानं हाका मारू लागले. चाचा म्हणाले, “बेटा, मशीनच्या आवाजात नाही ऐकू येत. मी हळू चालवतो. तू तिकून पाहा, मावशी इकून पाहीन.”

दोन रस्ते झाले. तिसऱ्या वळणावर मावशी ओरडली, “चाचा, थांबवा! काही तरी चमकलं.”

वळताना त्या वाकड्या दिव्याचा झोत रस्ता सोडून आत, गवतापलीकडच्या नाल्याकडे गेला होता. तिथं एका सिमेंटच्या पाइपाशी जमिनीलगत लहान लहान ठिणग्या चमकत होत्या. दहा-वीस, एका ठिकाणी. मी खाली उतरून धावले. त्या याडीच्या छांटियाच्या काचा होत्या. डोक्यावरच्या आमच्या ओढणीला लावतात त्या. मी तिला फोनवर बजावलं होतं, शहरात येताना साडी नेस, ते काचेचं काही घालू नको. लोक पाहतात. तिनं ऐकलं नव्हतं.

ती पाइपाला टेकून, बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. घाबरलेली मीच होते. तिनं माझ्या चपलांचा आवाज ओळखला आणि म्हणाली, “आली काय छोरी? जेवली का नाही?”

मी तिला धरून ओरडलेच, “गेटवर काहून नाही बसली? इथं कायले आली?”

“त्या गेटावर गाड्याच गाड्या. बाजूले झाली तं मंग रस्ताच गवसला नाही. मंग बसली.” आणि मग ती सहज, जसं मिठाचं प्रमाण सांगावं तसं म्हणाली, “आपले लोक बैलं घेऊन फिरत, तवाची रीत हाये. तांड्याच्या मागं राह्यलेल्यानं चालायचं नसते. जिथं हाये तिथं बसायचं. चाललं तं दोघंही हरपते. बसलं तं तांडा वापस येते.”

चाचा आणि मावशी मागून आले होते. मावशीनं याडीचा दुसरा हात धरला. “चाचा, तो दिवा सरळ करू नका आता.” चाचा डोळे पुसत म्हणाले, “आठ दिवसांपासून करतो करतो म्हणून राह्यलो. रोज काही ना काही काम निघे.” ते एवढंच बोलले, वर पाहिलं, आणि गाडीकडे वळले. पेशंटवाले वाट पाहत होते.

मी इथं चमत्कार झाला असं म्हणत नाही. काच उजेडात चमकते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण दिवा आदल्या दिवशी दुरुस्त झाला असता तर? याडीनं माझं ऐकून साडी नेसली असती तर? त्या चार जणांनी ‘आम्हाला पहिले न्या’ म्हटलं असतं तर? माझ्या शहाणपणातली एकेक गोष्ट त्या रात्री कामी आली असती, तर याडी सकाळपर्यंत सापडली नसती. मी जे जे ठरवलं ते चुकलं, आणि जे माझ्या हातात नव्हतं तेवढंच बरोबर झालं. हा हिशेब मी पुष्कळदा करून पाहिला आणि शेवटी सोडून दिला.

चाचा अजून दारव्हा रोडला गाडी चालवतात. मी दिसले की मुद्दाम विचारतात, “ताई, आज निघू का आरटीओले विचारून निघू?” गाडीत सगळे हसतात, मीही हसते. आता मला काही अडलं तर मी विचारते. पत्ता विचारते, मदत मागते, ‘मले समजून नाही राह्यलं’ असं सरळ म्हणते. त्यानं माझ्या पदवीचा एक शब्दही कमी झाला नाही.

त्या रात्रीनंतर सकाळी आठला आम्ही दवाखान्यात हजर होतो. याडीला आत नेलं आणि दार लागलं. एरवी मी दहा फेऱ्या घातल्या असत्या, सिस्टरला पाच वेळा विचारलं असतं. त्या दिवशी बाकावर बसले. आत जे करायचं ते करणारे करत होते, मला फक्त जागा सोडायची नव्हती. हात आपोआप जोडले गेले, आणि या वेळी मी काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मी कामावर निघायच्या आधी, डॉक्टरांनी पट्टी काढली. याडीनं डोळा मिचकावला, पाणी पुसलं, आणि किती तरी महिन्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “किती वाळली व छोरी! फोनवर तं सांगे, मी मजेत हावो.”