टबाचं बूच

वहिनींना जाऊन आता सहा आठवडे होतील. शेवटचं भेटलो ते उल्हासनगरच्या दवाखान्यात, दुपारी. खिडकीजवळच्या खाटेवर त्या अर्धवट झोपेत होत्या. बाहेरच्या हौदातल्या पाण्याचा कवडसा छतावर हलत होता आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "भाऊजी, पाणी आलं वाटतं... बूच दाबून बघितलं का?" मी म्हणालो, "हो वहिनी, बघितलं." त्यांनी समाधानाने डोळे मिटले. पंधरा वर्षं जे सांगायचं राहून गेलं होतं, ते सांगायची ती शेवटची वेळ होती. तेव्हाही मी खोटंच बोललो.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. दादा अंबरनाथला एमआयडीसीत फिटर होता आणि रविवारी नळजोडणीची कामं करायचा. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठचं घर नव्याने बांधत होते, तिथला जुना बाथटब निघाला. "ले जाओ साईं, मेरे को तो जगह चाहिए," शेठ म्हणाला आणि दादाने तो टेम्पोत घालून बदलापूरला आणला. गल्लीत हसं झालं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "टब आला, आता म्हैस कधी आणताय?" वहिनी म्हणाल्या, "म्हैस कशाला? मीच बसणार हाय राणीसारखी." पण पाणी एक दिवसाआड यायचं. टब मागच्या पडवीत चार विटांवर बसला आणि आमच्या घरची पाण्याची टाकी झाला. वर झाकायला फळ्या, खाली पितळी बूच, आणि बुचाखालून निघालेला पाइप थेट पपईच्या बुंध्याशी. सकाळी फळ्या काढल्या की पपईच्या पानांतून ऊन त्या पांढऱ्या टबात उतरायचं आणि सगळी पडवी हलकेच डुलल्यासारखी वाटायची. मला अजून कधीकधी स्वप्नात ते घर दिसतं. त्यात भिंती नसतात, माणसं नसतात. नुसतं ते पाणी असतं, काठोकाठ.

तळाला गाळ साचायचा, म्हणून आठवड्याला टब रिकामा करून बूच काढावं लागे. ते काम माझं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, बिनलग्नाचा, दादाकडेच राहून केमिकल कंपनीत पाळीवर जाणारा. बूच डावीकडे फिरवून सोडवायचं, जुन्या दातांच्या ब्रशने आटे घासायचे, रबराचा वायसर नीट बसवायचा आणि पुन्हा आवळायचं. "हातानं आवळ, पक्कड लावू नको," दादा सांगायचा. "पितळ आहे, त्याला दुखतं."

वहिनींची आई साताऱ्याकडच्या एका खेड्यात मजुरी करायची. तिच्या तरुणपणी आमच्या लोकांना विहिरीला हात लावता येत नसे. घागर खाली ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. वहिनींनी हे मला एकदा भांडी घासता घासता सांगितलं, अगदी सहज. मग म्हणाल्या, "आयेला एकदा ह्या टबात बसवायची हाय, भाऊजी. गळ्यापर्यंत पाण्यात."

ती एकाच दिवसासाठी यायची होती. पेरणी तोंडावर होती, संध्याकाळीच तिला परतायचं होतं. आदल्या दिवशी वहिनींनी मला नवा वायसर दिला. "जुना कडक झालाय, हा घाला." मी दुसऱ्या पाळीच्या घाईत होतो. जुना काढून नवा चढवायला दहा मिनिटं लागली असती. मी नवा खिशात टाकला, जुन्यावरच बूच ठेवलं आणि पक्कड लावून आवळलं. कंपनीत चहाच्या वेळी खिशात हात गेला, बोटाला ती गोल रबरी कडा लागली. मनात आलं, काही होत नाही एका दिवसाने... घरी येऊन तसाच झोपलो.

संध्याकाळी आलेलं पाणी वहिनींनी काठोकाठ भरून ठेवलं होतं. सकाळी फळ्या काढल्या तर टब कोरडा. पपईखाली चिखल. वहिनी वाकून बघत राहिल्या. "माझ्याच हातनं झालं," त्या म्हणाल्या. "रात्री तांब्या बुडवताना धक्का लागला असंल बुचाला." मी दारात उभा होतो. वायसर खिशात होता.

म्हातारी आली. तिने टबाच्या काठावरून हात फिरवला. "केवढा पांढरा हाय गं." शेजारून मागून आणलेल्या एका बादलीत तिने अंघोळ उरकली. वहिनी रडायला लागल्या तशी म्हणाली, "येडी का खुळी? म्होरल्या बारीला बसंन की." पण म्होरली बारी आली नाही. दिवाळीच्या आधीच ती गेली.

तेव्हापासून रोज टब भरला की वहिनी बाही वर सारून, खांद्यापर्यंत हात बुडवून अंगठ्याने बूच दाबून बघायच्या. थंडीतही. पुढे माझं लग्न झालं, मी अंबरनाथला वेगळा राहिलो, पण कधीही गेलो की पडवीतून त्यांची हाक यायची, "दाबून बघितलं हां मी!" जणू कुणी त्यांना विचारणार होतं. माझी चूक त्या रोज स्वतःच्या हाताने तपासत राहिल्या.

गेल्या रविवारी बदलापूरला गेलो. बूच काढून साफ करता करता दादाला सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसून ऐकत होता. "मला काय सांगतोस?" तो म्हणाला. "पंधरा वर्षं ती समोर होती तुझ्या." मग तो उठला, आपल्या पत्र्याच्या डब्यातून नवा वायसर काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "हातानं आवळ."

संध्याकाळी पाणी आलं. टब हळूहळू भरला, पपईची सावली त्यात उतरली. आतल्या अंधाऱ्या खोलीतून दादाचा आवाज आला, "दाबून बघितलंस?"

मी बाही वर सारली. पाणी खांद्यापर्यंत आलं, गार. अंगठ्याखाली पितळ हललं नाही. तरी मी हात काढला नाही.