कोणाची तू?

नर्सबाईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. शेंगदाणे घेतानाही पुडीतला एक तोंडात टाकून, दुकानदाराकडे रोखून बघत चावायच्या. आमच्या गावच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी केली. निम्मं गाव त्यांच्याच हातून जन्माला आलं, तरी रस्त्यात भेटेल त्याला पहिला प्रश्न ठरलेला, "कोनाचा रं तू?"

निवृत्तीनंतर त्यांनी गावच्या फेसबुक ग्रुपची राखण अंगावर घेतली, तीही फुकट. ग्रुप काढलेला आमच्याच गावच्या, पण आता पनवेलला स्थायिक झालेल्या एकाने. बाई त्याला 'मालक' म्हणत, आणि म्हणताना नाक मुरडत. एसटी रद्द झाली, गॅसची गाडी आली, कुणाची म्हैस हरवली, सगळं त्या ग्रुपवर कळायचं. आत येऊ पाहणाऱ्याला बाईंनी एकच प्रश्न ठेवला होता: तू कोणाचा? नुसतं आडनाव लिहिणारा बाहेरच राही. 'बंदराकडच्या शिंपिणीचा नातू' असं काही लिहिलं तरच दार उघडे. एकाने शेजारच्या वाडीतल्या एका बाईचा मुलगा म्हणून लिहिलं, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "तिला तिन्ही पोरीच. मीच व्हते ना तिथं!"

मी त्यांच्या हाताखाली ग्रुप सांभाळायचे. हरिहरेश्वरच्या रस्त्यावर पर्यटकांसाठी माझ्या चार खोल्या आहेत. त्यांची जाहिरात मालकाने ग्रुपच्या अगदी वर लावून दिली होती. बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "तुझीच जायरात कशी गो वर टिकते?" मला भयंकर राग यायचा. लेकीसारखी राबते, आणि माझ्यावरही संशय!

मग मालक ग्रुपवर प्लॉटच्या जाहिराती टाकायला लागला. एका फोटोतली जागा बाईंनी ओळखली. गावाची बोंबील वाळत घालायची जागा ती. त्यांनी जाहिरात काढली, मालकाने परत लावली. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी बाईंनी खाली लिहिलं, "जागा कोनाची? आनि ग्रुप कोनाचा?" खाली गावाने रांग लावली: आमचा, आमचा, आमचा.

दुपारी मालकाने बाईंनाच काढून टाकलं. मला फोन आला, "बाईंची रिक्वेस्ट आली तर घ्यायची नाही हां. तुझी जाहिरात आहे तिथेच राहील, काळजी करू नकोस."

दोन दिवसांनी रिक्वेस्ट आली. त्यांच्याच प्रश्नाखाली त्यांचं उत्तर होतं: "कुनाची न्हाय. बदलीवर आलेली बाई मी. पन तू पायाळू व्हतीस, तुला मीच ओढून काढली."

मी ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. त्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या चारही खोल्या भरलेल्या होत्या. मला लाज वाटते, अजून वाटते.

पुढे बाई म्हसळ्याला भावाकडे राहायला गेल्या. जाताना एसटी स्टँडवर दिसल्या. मी पिशवी उचलायला पुढे झाले, पण त्यांनी ती एका अनोळखी पोराच्या हातात दिली आणि विचारलं, "कोनाचा रं तू?"

मग माझ्याकडे बघून हसल्या. मला काही विचारलं नाही.