मुळाविना मोटार

शालिग्राममामा द्वारकेहून परत आले आणि पुढचे आठ दिवस आमच्या आळीत समुद्राशिवाय दुसरा विषय नव्हता. मामा मलकापूरच्या एका जिनात, म्हणजे कपाशीतून सरकी काढायच्या कारखान्यात, मापाडी. वीस वर्षं कपाशीच्या गाड्या तोलून त्यांना अशी खोड लागली होती की दिसेल त्याचं वजन सांगायचे. रस्त्यातली म्हैस, देवळातली घंटा, नव्या मास्तरांची बायको. मनातल्या मनात काटा लावून मोकळे. मुंबईहून द्वारकेला जाणारी आगबोट त्यांनी ओट्यावर बसून दहा हजार मणांची ठरवली, आणि कोणी हटकत नाही असं पाहून बारा हजारांवर नेली.

"लाट म्हंजे कशी? आपल्या जिनाच्या छपराएवढी! लोकं सारे आडवे. मी आपला कठड्याले हात लावून उभा."

आतून मामीचा आवाज आला, "उभे कवा होते? बादली कोनं धरली होती, ते बी सांगा ना."

ओट्यावर जो हशा झाला त्याचं वजन मात्र मामांनी सांगितलं नाही.

मी त्यांचा भाचा. मॅट्रिक होऊन त्याच जिनात कारकून लागलो होतो आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडेच जेवत होतो. त्यामुळे बोटीवरची खरी हकिगत मला चुलीजवळ, भाकरीबरोबर मिळाली. बोट बंदरातून बाहेर पडली तसे मामा जे आडवे झाले ते द्वारका येईपर्यंत. मामीला मात्र काही झालं नाही. अन्नपूर्णामामी, जिने मलकापूरच्या नाल्यापेक्षा मोठं पाणी लग्नानंतर पाहिलं नव्हतं, ती वरच्या डेकवर लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट धरून बसायची. वाऱ्याने तुषार तोंडावर आले, ते तिने जिभेने चाखले आणि खाली येऊन मामांना म्हणाली, "हे तं आपल्या लोनारच्या तळ्यावानी खारं हाय वो."

लोणार तिचं माहेर. मग ती म्हणाली, "आईचे डोळे जाऊन राह्यले मनतात. तिले दिसते तवर एकदा माहं तोंड दाखवा लागते."

मामांचं तोंड त्या वेळी बादलीत होतं. तिथूनच ते बोलले, "मले जित्ता जमिनीवर उतरू दे. तुले लोनारले नेतो. मोटारीनं नेतो. माह्या हातानं चालवून नेतो!"

गंगेत उभं राहून घेतलेली शपथ माणूस विसरतो. बादलीत तोंड घालून घेतलेली विसरत नाही.

या शपथेची किंमत कळायला नऊ वर्षं मागे जावं लागेल. मामीचा भाऊ पुंजाजी, त्याच्या लग्नात मामांना मानाचा फेटा मिळाला. छान जांभळा फेटा. ज्येष्ठाचं ऊन, वरातीतला घाम, आणि फेट्याचा रंग सुटून मामांच्या मानेवरून पाठीपर्यंत उतरला. मलकापूरला आल्यावरही चार दिवस मामा जांभळे होते. सासरच्यांनी मुद्दाम कच्च्या रंगाचा फेटा दिला असं त्यांनी ठरवलं. त्यानंतर पुंजाजी बहिणीला न्यायला दोनदा आला आणि मामांनी दोन्ही वेळा "आता घरी काम हाय" म्हणून त्याला जेवू घालून वापस लावलं. तिसऱ्यांदा तो आला नाही. मामी काही बोलली नाही. न बोलण्यात ती फार हुशार होती.

आता मोटारीचं. जिनाच्या मालकांनी नवी मोटार घेतली होती आणि जुनी, वरून उघडी, लिंबाखाली उभी असायची. मागच्या गादीवर कोंबडी अंडी घालायची. मामांनी दोन दिवसांसाठी ती मागितली. मालक म्हणाले, "चालवता आली तर न्या." यात नकार होता, पण मामांना तो ऐकू आला नाही.

शिकवायला जिनाचा फिटर वाहेद. हाही लोणारचाच, पंधरा वर्षांपासून मलकापुरात. मामी त्याला वाहेदभाऊ म्हणायची आणि तो ईदला गावी गेला की त्याच्याबरोबर आईसाठी काहीबाही पाठवायची. जिनाच्या आवारात सरकीच्या ढिगाभोवती धडे सुरू झाले.

"शालिग्रामभाऊ, डावा पाय दाबा. डावा!"

"दाबला बे!"

"हा उजवा हाय."

मोटार सरकीच्या ढिगात कमरेपर्यंत शिरली. मामा बाहेर न उतरता म्हणाले, "सत्तावीस मण. मोटार, मी आन तू धरून."

"आन सरकी?" वाहेदने विचारलं.

"सरकी येगळी."

वाहेद एरवी जिभेचा तिखट माणूस. इंजिन बिघडलं तर मालकालाही चार शब्द ऐकवायचा. पण त्या आठ दिवसांत तो मामांवर एकदाही चिडला नाही. ढिगातून मोटार काढायची, हसायचं, पुन्हा हँडल मारायचं. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. पण मी बेत लिहिण्यात गुंतलो होतो.

कारण बेत लिहायचं काम माझं. रोज जेवणानंतर मामा भिंतीला टेकून सांगायचे आणि मी काट्याच्या पावतीच्या पाठीमागे लिहायचो. मलकापूर ते मोताळा सरळ. पुढे राजूरचा घाट. घाट म्हटलं की मामा आवाज उतरवायचे. घाटाआधी मोटारीला पाणी पाजायचं, म्हणजे घागर हवी. बुलढाण्याला सावली पाहून थांबायचं, चिखलीला थांबायचं नाही, कारण तिथे त्यांचा एक ओळखीचा होता आणि तो जेवल्याशिवाय सोडत नाही. मेहकर दिवस मावळायच्या आत. पेट्रोलचे दोन डबे, हवा भरायचा पंप, आणि एक जाड दोर.

"दोर कशाले, मामा?"

"मोटार बंद पडली तं? बैल काय शेपटीनं ओढतील?"

असे आमचे आठ दिवस गेले. अजूनही मला वाटतं, त्या घरात मी पाहिलेले सर्वांत चांगले दिवस ते. कंदिलाची काच मामी राखेने घासून ठेवायची. मामांच्या अंगाला पेट्रोलचा वास यायचा आणि ते हाताची मूठ हवेत फिरवून राजूरची वळणं मला समजावून सांगायचे. डावीकडे वळण आलं की मी सुद्धा डावीकडे कलायचो. पुढे मी खूप प्रवास केला, पण रस्त्याची इतकी बारीक माहिती पुन्हा कधी मिळाली नाही. त्यातली निम्मी चूक होती, हा भाग वेगळा.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. मामी बांधाबांध करीत नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मामांनी शेवटी कागद हातात घेऊन तिला सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "सांग, काय राह्यलं?"

मामी पळी हातात धरून म्हणाली, "मूळ कुठी हाय?"

मामांनी कागद वरखाली पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मग समजूत घालत म्हणाले, "मोटारीले मूळ नसते. ते झाडाले असते."

"मोटारीले नाही वो. मले!"

तेव्हा मामांच्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे लेक आपल्या मनाने माहेरी जात नाही. माहेरचा माणूस न्यायला येतो, त्याला मूळ म्हणतात. तो येईल, जेवेल, आणि लेकीला घेऊन जाईल. नवरा त्यात नसतो.

"मूळ कायले पाह्यजे? मी नेऊन राह्यलो ना, माह्या हातानं!"

"तेच तं. नवरा बायकोले गाडीत घालून माहेरी सोडायले कवा जाते? टाकून द्यायची असली तं!" मामीचा आवाज चढला नाही, पण पळी चुलीच्या काठावर वाजली. "नऊ वर्सानं मी मोटारीतून उतरीन, संगं मूळ नाही, नवरा पुढी बसलेला. सारं लोनार मनीन, किसनरावच्या पोरीले नवऱ्यानं आनून टाकलं. माह्या आईले दिसत नसलं तरी ऐकू येते."

"मंग मी पुंजाजीले चिठ्ठी लिहू? बहिनीले न्यायले ये मनून?"

"मी काई मनलं?"

"मी लिहिनार नाही!"

"मी येनार नाही."

अशा रीतीने आठ दिवसांचा बेत दोन वाक्यांत संपला. मामा जिनाच्या आवारात येऊन मोटारीच्या पायरीवर बसले. मी बेताची घडी खिशात घालून शेजारी उभा राहिलो. वाहेद इंजिनात डोकं घालून होता. मामांनी त्याला सगळं सांगितलं. सांगताना बायकांच्या जातीला, रूढींना आणि जांभळ्या रंगाला नावं ठेवली. वाहेदने डोकं बाहेर काढलं, हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले आणि म्हणाला, "दाजी."

पंधरा वर्षं तो मामांना शालिग्रामभाऊ म्हणत होता.

"काय मनलं बे?"

वाहेद आपल्या खोलीत गेला आणि एक लहान गाठोडं घेऊन आला. सोडलं तर आत हिरवा खण, खोबऱ्याची वाटी आणि हळदीची पुडी. "ईदले गावी गेलो होतो. तुमच्या सासूनं, मनकर्णाबाईनं, घरी बलावलं. मने, पुंजाजीले त्यायनं दोनदा वापस लावलं, तो आता येत नाही. तू बी गावचाच, तिचा भाऊच हायेस. तू मूळ जाय. अन्नपूर्णाले सांग, दिसते तवर येऊन जाय." तो खाली पाहत होता. "तुमी बोटीवरून आले तवापासून हे माह्या पेटीत हाय. काढू कसं? तुमी मले बी वापस लावलं असतं तं?"

एवढ्या आठ दिवसांच्या गोडीचा उलगडा मला तेव्हा झाला.

मामांनी खणाकडे पाहिलं. मग त्यांनी तो हातात घेतला आणि सवयीने किंचित वरखाली केला, पण वजन बोलले नाहीत. "जेवला काय तू?" एवढंच म्हणाले. मूळ आलेल्या माणसाला आधी जेवू घालतात.

मामीने वाहेदला पाटावर बसवून वाढलं. खण पाहून ती आत गेली आणि तिथे थोडा वेळ लागला. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला, मग ती बाहेर आली. मामा दारात उभे राहून म्हणाले, "मूळ आलं, बरं झालं. पन मोटार कोन चालवीन?"

"वाहेदभाऊ."

"मूळ मागं बसते, लेकीसंगं. मूळ कवा गाडी हाकते काय? डायवर लागते."

मामीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "डायवरले मानपान नसते. पाट नसते. ओट्यावर पानी भेटते."

"चालते," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते तिघे निघाले. मी बेताचा कागद मामांच्या खिशात घातला आणि फाटकाशी उभा राहिलो. मोटार आवाराबाहेर पडताना खांबाला घासली, पण खांबाला काही झालं नाही.

पुढचं वाहेदने सांगितलेलं. राजूरच्या घाटात मोटार तीनदा थांबली आणि तिन्ही वेळा मामांनी ती मुद्दाम थांबवल्याचं सांगितलं. चिखलीला तो ओळखीचा माणूस रस्त्यातच भेटला. मामांनी टोपी डोळ्यांवर ओढून भोंगा वाजवला आणि पुढे काढली. मेहकरच्या पुढे दोर लागला आणि बैलही लागले. लोणारला पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. मोटारीच्या आवाजाने गल्ली जमली. वाहेद आधी उतरला आणि मोठ्याने म्हणाला, "मूळ आलं वो! लेक आनली!"

मनकर्णाबाई ओट्यावर होत्या. त्यांनी मामीचं तोंड दोन्ही हातांत धरून दिव्याकडे वळवलं आणि जवळून, अगदी नाक लागेल इतक्या जवळून, पाहिलं. "बारीक झालीस," म्हणाल्या. "दिसते मले. अजून दिसते."

डायवर मोटारीजवळ उभा होता. कोणीतरी त्याला तांब्या नेऊन दिला.

"डायवर कुठचा हाय?" मनकर्णाबाईंनी तिकडे तोंड करून विचारलं.

"मलकापूरचा," मामा म्हणाले.

"मलकापूरले आमचे जावई असतात. मानूस चांगला हाय. रागीट हाय थोडा."

मामा तांब्या हातात धरून म्हणाले, "आता नाही तेवढे."

"तसं असन तं त्यायले सांगजो," म्हातारी म्हणाली, "लेक संक्रांतीपरेंत ठेवून घेतली मनून. आन आत ये बापा, जेवून जाय."

त्यांनी ओळखलं होतं की नाही, यावर वाहेद आणि मामी यांचं कधी एकमत झालं नाही. मामांना विचारलं तर ते विषय घाटाकडे नेत.

मामी संक्रांतीपर्यंत राहिली. महिनाभर आम्ही दोघं मामांच्या हातची जाड भाकरी खात होतो. पुढच्या दीड वर्षात ती आणखी तीनदा लोणारला गेली. दोनदा पुंजाजी मूळ आला, एकदा वाहेद. मोटार दर वेळी मिळाली नाही, तेव्हा भाड्याच्या सर्विस मोटारीने गेली. शेवटच्या खेपेला आईला काहीच दिसत नव्हतं. मामी दिवसभर तिच्याजवळ बसून गावातून कोण जातंय ते तिला सांगायची, असं ती आल्यावर म्हणाली, आणि मग उठून चुलीवरचं दूध पाहायला गेली.