आयने बसून खावं म्हणून

मी गाव सोडलं त्या दिवशी टांग्यात मलाच बसायला जागा उरली नव्हती. स्वातंत्र्य मिळून वर्ष होत आलं होतं आणि मुंबईच्या एका शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली होती. माझं सामान म्हणजे एक पेटी आणि एक वळकटी. बाकी सगळं आळीने आणून ठेवलेलं: केळ्यांच्या फण्या, नारळ, तांदळाचं पीठ, सुक्या बोंबलांची जुडी, लोणच्याची बरणी, आणि कुणीतरी चक्क एक भोपळा. मुंबईत भोपळे मिळत नाहीत असं काही त्या माणसाला वाटलं नसेल. पोर निघाली आहे, तर रिकाम्या हाताने निरोप कसा द्यायचा, एवढंच. मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं, भोपळा तरी राहू दे. बा टांग्याला हात लावून उभा होता. तो म्हणाला, "घे गो. नाय म्हनू नको. नाय म्हटलं का मानूस लांब जातो."

मग माणिकपूरच्या पुढे स्टेशन येईपर्यंत तो भोपळा मी मांडीवर घेऊन बसले. टांगेवाला सारखा मागे वळून हसत होता.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, आपल्या वसईच्या होळी बाजाराच्या आसपास ज्यांच्या वाड्या आहेत आणि जे तिथेच राहिले त्यांच्यासाठी. आणि माझ्यासारखे जे निघाले, कुणी मुंबईला, कुणी बोटीने आखातात, त्यांच्यासाठीही. नाताळात गावी भेटलो की आपण एकमेकांना पगार विचारत नाही, तेवढी लाज आपण अजून राखली आहे. पण खोलीत नळ आहे का, वीज आली का, पंखा घेतला का, हे विचारतो. ज्याच्याकडे हे जास्त, त्याचं चांगलं चाललं असं म्हणतो. मीही असंच म्हणत आले. माझ्या आयचंही चांगलं चाललं आहे, असं मी तुम्हाला दर वेळी सांगत होते.

माझी आय तुम्हा पुष्कळांना आठवत असेल. आमची वाडी काही मोठी नव्हती. केळी, पानवेली, थोडी फुलं, विहिरीवर रहाट, आणि रहाटाला एक म्हातारा बैल, जो बाचंसुद्धा ऐकत नसे. घरात पैसा टिकत नसे. पण केळीचा घड उतरला की आय त्यातली पहिली फणी घरात ठेवायची नाही. ती शेजारी जायची. दुसरी कुणी आजारी असेल तिच्याकडे. थंडीचं ऊन पडू लागलं की ती राजेळी केळी सोलून मांडवावर गवत अंथरून त्यावर वाळत घालायची. दिवसभर ऊन, संध्याकाळी पुन्हा झाकून ठेवणं, असं ती मधासारखी तपकिरी होईपर्यंत चालायचं. मग केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून सोपटाच्या दोरीने बांधायची. बाजारात या सुकेळ्यांना पैसा मिळतो, हे तिला काय ठाऊक नव्हतं? काही पुड्या विकायला जायच्याही. पण आधी आळीतली घरं. "दिलं नाय तं आपन हाव कशाला?" असं ती म्हणायची. मला तेव्हा हा निव्वळ उधळेपणा वाटायचा.

बा गेला आणि वाडी काकाच्या हाती आली. काका वाईट नव्हता. आयला अर्धं घर होतं, काकीच्या हाताखाली वाडीत काम होतं. पण मला वाटायचं, या बाईने आयुष्यभर वाकून काम केलं, आता तिने बसून खावं. मला शाळेजवळच्या एका इमारतीत दोन खोल्या मिळाल्या, आत नळ, बटण दाबलं की दिवा. मी तिला न्यायला आले. काकी तिला चिडवत म्हणाली, "आता तू मडमीन होशील, आमाला वलकायची नायस." सगळी आळी हसली. आयही हसली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, तो मी पाहिला आहे. पोरीने आयला नेलं, ही केवढी गोष्ट होती तेव्हा.

पहिले काही महिने ती नळ सोडून त्याखाली हात धरून उभी राहायची. पाणी ओढावं लागत नाही याचं तिला नवल वाटे आणि थोडं अपराधीही वाटे. मी शाळेतून यायच्या आत खोली झाडून, पुसून, भांडी घासून पुन्हा घासलेली असायची. दोन खोल्यांत कितीसं काम असणार? मग ती खिडकीत बसायची. आमच्या मजल्यावर गुजराती होते, कानडी होते, पुण्याकडचं एक जोडपं होतं. माणसं सभ्य. जिन्यात भेटली की हसायची, आपापल्या दाराला कडी लावायची. आम्ही ख्रिस्ती, आमच्या हातचं शिजवलेलं सगळ्यांना चालेलच असं नव्हतं. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण आयला ते न सांगता कळलं होतं.

दुसऱ्या वर्षी थंडीत काकाने गावच्या भाजीवाल्या बायांबरोबर राजेळीचा एक मोठा घड पाठवला. आय एकदम उजळली. फळ सगळ्यांना चालतं, वाळवलेलं तर चालतंच, असा तिने विचार केला. गच्चीवर जाऊन तिने जुनी चटई धुऊन पसरली. गवत कुठून मिळवलं, देव जाणे. रोज सकाळी वर नेणं, दिवसभर कावळे हाकणं, संध्याकाळी खाली आणणं, गुडघे दुखत असताना एवढे जिने. मी रागावले तर म्हणाली, "तुला काय कलते? ऱ्हाऊ दे." खूप दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं.

पुड्या बांधून झाल्या त्या रविवारी आम्ही सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन आलो होतो. आयने तिचं चांगलं लाल लुगडं नेसलं होतं, गुडघ्यापर्यंतचं, कासोटा घातलेलं, गळ्यात पोत. पुड्या तिने नव्या टोपलीत रचल्या, वर एक फूल ठेवलं आणि ती मजल्यावरच्या घरांत द्यायला निघाली. मी म्हटलं, मी येते बरोबर. ती म्हणाली, "माझे शेजारी, मी देते."

त्या बायांचा यात काही दोष नव्हता, हे मी आजही म्हणते. लाल लुगड्यातली बाई टोपली घेऊन दारात आली, तर मुंबईच्या कुणालाही एकच कळणार: वसईवाली आली. अशा कितीतरी आपल्या बाया पहाटेच निघून भाजी, फुलं, सुकेळी विकत त्या शहरभर फिरतात. आय आमच्या खोलीबाहेर फारशी कधी दिसलीच नव्हती. पहिल्या घरी तिला विचारलं, कशी दिली. दुसऱ्या घरी बाईने पुडी उलटसुलट करून वास घेतला, महाग सांगू नकोस म्हणाली आणि हातावर नाणी ठेवली. तिसऱ्या घरी पुढच्या आठवड्यातही आण म्हणून सांगितलं.

आय परत आली तेव्हा तिची मूठ घट्ट मिटलेली होती. टोपली तिने खाली ठेवली आणि मूठ माझ्यासमोर उघडली. "ते ऐकतच नव्हते," एवढंच म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तावातावाने उठले, म्हटलं, आत्ता जाऊन परत करते आणि सांगते तू कोण आहेस ते. तिने माझं मनगट धरलं. "नको. त्या बायांना लाज वाटेल. त्यांनी काय केलं?" ती नाणी तिने पुढच्या रविवारी चर्चच्या दानपेटीत टाकली. उरलेल्या पुड्या आम्ही दोघींनी खाल्ल्या. किती दिवस पुरल्या त्या.

त्यानंतर मीच म्हटलं, आय, तू गावी जा, तुझं अर्धं घर आहे तिथे. मला खरंच तसं वाटत होतं, आणि तिलाही जायचं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण ती मान हलवत राहिली. "मी परत गेली तं लोक काय म्हनतील? पोरीनं आयला ठेवली नाय. तू शालेत शिकवतेस, तुझं नाव हाय. मी नाय जायची." आणि मग, जरा थांबून: "आनि ही सुकेल्याची गोष्ट गावात बोलू नको. आमी सुखात हाव असंच सांग."

म्हणून मी तसंच सांगत राहिले. माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून ती त्या दोन खोल्यांत राहिली, आणि तिचा मान राहावा म्हणून मी तुमच्यापाशी खोटं बोलत राहिले. दोघीही एकमेकींसाठीच करत होतो आणि दोघीही त्यात झुरत होतो. आय पुढची वर्षं बसून खात होती. मी रेडिओ घेतला, पंखा घेतला. ती पंख्याखाली बसायची आणि हात मांडीवर ठेवायची. ते हात जड झाले ते काम नव्हतं म्हणून नव्हे, त्या हातांतून घेणारं कुणी नव्हतं म्हणून. हे मला तेव्हा कळत होतं आणि उपाय मात्र सुचत नव्हता.

गेल्या पावसाळ्यानंतर ती गेली. सकाळी चहा घेतला आणि भिंतीला टेकून बसल्या जागी गेली. मजल्यावरची माणसं आली, दारात चुळबुळत उभी राहिली. काय करायचं ते त्यांना कळेना, आणि मलाही कळेना. गावाला निरोप गेला आणि दुपारी काका माणसं घेऊन हजर. आयला आम्ही वसईला नेलं.

दफन झाल्यावर आळी काकाच्या ओट्यावर आणि अंगणात बसली होती. तुम्ही होतात त्यात. कुणी सुरुवात केली नाही, बोलणं आपोआप निघालं. एक बाई म्हणाली, सासूने मला घराबाहेर काढलं तेव्हा हिने मागच्या दाराने भाकरी दिली आणि पुढच्या दाराने जाऊन सासूला झापलं. एकीने आपल्या बाळंतपणात आय कशी धावून आली ते सांगितलं. कामण गावाकडून आमच्या वाडीत कामाला येणारा एक वारली म्हातारा अंगणाच्या कडेला बसला होता, तो म्हणाला, "आय मला उभ्यानं पानी नाय देयाची. बस म्हनायची, मंग देयाची." एकातून दुसरं निघत होतं. बाची चिडचिड, तिची फजिती, म्हाताऱ्या बैलाशी तिचं भांडण. लोक रडत होते आणि मध्येच हसतही होते. माझ्या आयची एवढी मालमत्ता गावात ठेवलेली आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग काकी माझ्याकडे वळली. "तू सांग गो. तुज्याकडं कशी होती ती?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, बरी होती. आरामात होती. कसलं काम पडू दिलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा जुन्या गोष्टी सुरू झाल्या. तिच्या उभ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची म्हणून जी वर्षं मी तुम्हाला सांगत होते, त्या वर्षांचं कुणाकडे काहीच नव्हतं.

मी मुंबईला परत आले. घर कुठे असं कुणी विचारलं तर मी अजून या खोल्यांचाच पत्ता सांगते, पत्रं इथेच येतात. पण घर तुमच्याकडे आहे. माझी आय तुमच्या बोलण्यात आहे तोवर ते आहे, आणि मी त्यातून केव्हाच बाहेर पडले आहे. गावात बोलू नको, असं ती म्हणाली होती. मी आज तिचा शब्द मोडते. तुम्ही पुन्हा कधी ओट्यावर बसाल आणि तिचं नाव निघेल, तेव्हा हेही सांगा: मुंबईला असताना आयने एकदा सुकेळी केली होती, आणि ती विकायला केली नव्हती.