सुमनमावशींची सोबत

चिक्कडपल्लीच्या घराला कुलूप लावताना सुमनमावशी आत कोणी असल्यासारखं "येते हं" म्हणायच्या. आत कोणीच नसायचं. वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो, देगलूरकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. कुणाला सांगता, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "घराला. नाहीतर दिवसभर तोंडच उघडत नाही बघ, बाबा."

कारखान्यात डोळ्याला मार लागून मला ऐन पंचविशीत मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, डोळा थेंबांनी बधिर करता येईल, नाहीतर बाजूला इंजेक्शन देऊन. थेंबांत सुई नाही, पण डोळा हलू शकतो, आपणच स्थिर राहायचं. इंजेक्शननं डोळा हलत नाही, पण नंतर पट्टी. विचार करून सांग.

डोळ्याजवळ सुई, या विचारानंच मी घाबरलो. मावशींचा एक मोतीबिंदू थेंबांवरच काढला होता. घरी येऊन त्यांना म्हणालो, मीही थेंबच घेणार.

"आडवा हो." मावशींनी माझ्या तोंडावर ओला पंचा टाकला, एका डोळ्यापुरती फट ठेवली आणि टॉर्च धरला. "उजेडाकडं बघ. हलू नक्को." मग दुसऱ्या हातानं मुद्दाम ताट पाडलं. मी ताडकन उठून बसलो.

"हौ, तू सुईच घे. भ्यायची लाज कायकू? तिथं असा उडालास तर डोळा जाईल."

"तुम्ही नाही भ्यालात?"

पंचा पिळत त्या म्हणाल्या, "लई भ्याले. पण पट्टी बांधली की घरी आणायला माणूस लागतो. मला कोण होतं? तुला मी आहे ना."

खरंच आल्या. पट्टी बांधून बाहेर आलो तर माझा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. त्याच डोळ्यानं बघत आज हे लिहितो आहे.

पुढं त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, मागच्यासारखे थेंबच घालू."

"नक्को. इंजेक्शन द्या. सोबत आहे मला."

ऑपरेशनला निघताना कुलूप लावलं, पण त्या दिवशी "येते हं" म्हणाल्या नाहीत.

काही वर्षांनी मावशी वारल्या. त्या दाराला आता दुसऱ्यांचं कुलूप आहे. मी कुकटपल्लीत एकटा राहतो, आणि मला त्यांच्या त्या ऑपरेशननंतरची परतीची वाट आठवते. त्यांचा पहिला डोळा उघडाच होता, त्यानं स्वच्छ दिसत होतं. तरी फाटकापासून दारापर्यंत माझं कोपर घट्ट धरून, पायरी कुठं आली, असं त्या विचारत राहिल्या. मीही सांगत राहिलो.